राजाची प्रेयसी हे दरबारी पद कसे झाले? मादाम द पोंपादूर आणि पंधराव्या लुईचे व्हर्साय

एखादा राष्ट्रप्रमुख पॅरिसच्या दौऱ्यावर गेला की बातम्यांमध्ये एलिझे प्रासादाचे नाव येतेच, कारण फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचे ते अधिकृत निवासस्थान आहे. या वास्तूच्या इतिहासाबद्दल दोन ओळी कुठे छापून आल्या, तर अठराव्या शतकात ही हवेली राजाच्या प्रेयसीची होती, हे वाक्य त्यांत हमखास सापडते. ते वाचून मनात जे चित्र उभे राहते ते चोरट्या भेटींचे आणि मागच्या दाराचे असते. वस्तुस्थिती निराळी होती. ही हवेली १७५३ मध्ये पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिच्यासाठी राजरोस विकत घेतली गेली आणि मृत्यूनंतर तिच्या इच्छापत्रानुसार ती राजाकडे गेली. व्हर्सायच्या राजवाड्यात तिचे स्वतंत्र दालन होते, परदेशी वकील तिच्या भेटीसाठी रांग लावीत, मंत्री तिच्याशी सल्लामसलत करीत आणि पुढे तर खुद्द राणीच्या परिवारात तिची नेमणूक झाली.

विवाहित राजाची विवाहित प्रेयसी एका कॅथलिक देशात इतकी उघडपणे कशी वावरू शकत होती, तिच्या हाती नेमकी कोणती सत्ता होती आणि ती कोणत्या आधारावर टिकून होती, हे समजून घ्यायचे असेल तर आधी राजाच्या लग्नाकडे पाहावे लागते.

राजाचे लग्न आणि राज्याचे हित

पंधरावा लुई १७१५ मध्ये गादीवर आला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याची पहिली सोयरीक स्पेनच्या राजकन्येशी ठरली आणि तीन-चार वर्षांची ती मुलगी भावी राणी म्हणून फ्रान्सला आणली गेली. परंतु राजा वरचेवर आजारी पडू लागला. तो निपुत्रिक मरण पावला तर वारसाहक्काचे युद्ध पेटेल, या भीतीने दरबाराने त्या मुलीला परत पाठवले आणि तत्काळ मूल होऊ शकेल अशी वधू शोधली. मारी लेश्चिन्स्का ही पोलंडच्या पदच्युत राजाची मुलगी होती. १७२५ मध्ये लग्न झाले तेव्हा वर पंधरा वर्षांचा आणि वधू बावीस वर्षांची होती. दोघांची पहिली भेट झाली ती विवाहसमारंभाच्या आदल्या दिवशी.

पुढच्या बारा वर्षांत राणीला दहा मुले झाली, पण दोन मुलग्यांपैकी एकच जगला. त्यानंतर पतिपत्नीसंबंध जवळजवळ संपले. कॅथलिक धर्मशास्त्रानुसार राजालाही एकच पत्नी असू शकत होती आणि घटस्फोट किंवा दुसरे लग्न त्याला शक्य नव्हते. विवाहबाह्य संततीला गादीवर हक्क सांगता येत नसल्यामुळे राजाच्या प्रेयसीपासून वारसाला धोका नव्हता. लग्न राज्याच्या हितासाठी आणि सहवास स्वतःच्या आवडीने, अशी ही विभागणी होती आणि फ्रेंच दरबाराने ती फार पूर्वीच मान्य केली होती. पंधराव्या शतकात सातव्या शार्लच्या काळातील आन्येस सोरेल ही उघडपणे मान्यता मिळालेली पहिली प्रेयसी मानली जाते. चौदाव्या लुईपासून मादाम द माँतेस्पाँ हिला झालेल्या मुलांपैकी जी जगली, त्यांना तर राजाने औरस ठरवून पदव्या दिल्या.

अशा मान्यताप्राप्त स्त्रीला फ्रेंचमध्ये 'मेत्रेस-आँ-तित्र' म्हणत. तिला आपण 'राजप्रेयसी' म्हणू. राजाच्या आयुष्यात येणाऱ्या इतर स्त्रियांपासून तिला वेगळे काढणारी मुख्य गोष्ट होती दरबारातील विधिपूर्वक सादरीकरण. या समारंभात ती राजा, राणी आणि युवराज यांच्यापुढे रीतसर सादर केली जाई आणि त्यानंतरच तिला राजवाड्यातील समारंभांत, राजाच्या गाडीत आणि त्याच्या मेजवान्यांत सहभागी होता येई. या विधीसाठी उमराव घराण्यातील दर्जा आवश्यक होता. त्यामुळे ज्या स्त्रीकडे तो नसे, तिच्यासाठी तो आधी निर्माण करावा लागे.

राजाजवळ पोहोचणे म्हणजेच सत्ता

फ्रान्समध्ये त्या काळी निवडून आलेली संसद नव्हती. मंत्री राजा नेमी आणि राजाच काढी. सैन्यातील पलटणीचे नेतृत्व, बिशपचे पद, निवृत्तिवेतन, करवसुलीचा मक्ता, परदेशातील वकिलात, या सगळ्यांवर अखेरची सही राजाची असे. चौदाव्या लुईने उमरावांना व्हर्सायमध्ये आणून ठेवले ते याच बळावर, कारण ज्याला काही मिळवायचे असेल त्याने राजाच्या नजरेसमोर राहणे भाग होते. राजाचे उठणे, पोशाख करणे, जेवणे आणि झोपणे यांनाही समारंभाचे रूप आले होते आणि मेणबत्ती धरण्याचा मान कोणाला मिळाला, यावरून घराण्यांची प्रतिष्ठा ठरत असे.

पंधरावा लुई बुजरा होता. त्याला गर्दीचा कंटाळा येई, नव्या माणसाशी बोलताना तो अवघडून जाई आणि मंत्र्यांना समोरासमोर नकार देणे त्याला जमत नसे. म्हणून तो शिकारीनंतर मोजक्या मंडळींसह खासगी दालनांत जेवत असे आणि त्या जेवणाची निमंत्रणे कोणाला जातात, याकडे साऱ्या व्हर्सायचे लक्ष असे. अशा राजाच्या संगतीत रोज काही तास घालवणाऱ्या व्यक्तीचे स्थान समजण्यासाठी मंत्रालयातील स्वीय सहायक डोळ्यांसमोर आणावा. फाइलवर त्याची सही चालत नाही. पण साहेबांपुढे कोणती फाइल आधी जाईल, कोणाला आज भेट मिळेल आणि कोणाला 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगितले जाईल, हे त्याला ठरवता येते. राजप्रेयसीची सत्ता या जातीची होती. राज्याच्या कोणत्याही कायद्यात तिचा उल्लेख नव्हता, तरीही तिला वगळून फारसे काही घडत नव्हते.

करमक्तेदारांच्या वर्तुळातली मुलगी

पंधराव्या लुईच्या आधीच्या प्रेयसी, ज्यांत एकाच घराण्यातील अनेक बहिणी होत्या, जन्माने उमराव होत्या. झान-आंत्वानेत प्वासाँ, म्हणजे पुढची मादाम द पोंपादूर, तशी नव्हती. तिचा जन्म २९ डिसेंबर १७२१ रोजी पॅरिसमध्ये झाला. तिचे वडील सैन्याला रसद पुरवणाऱ्या सावकारांच्या पदरी होते आणि धान्याच्या एका गैरव्यवहारात नाव गुंतल्यामुळे ती लहान असतानाच त्यांना देश सोडून पळावे लागले. तिचे पालकत्व ल नॉर्माँ द तुर्नेम या धनाढ्य गृहस्थाने घेतले. तो करमक्तेदार होता. मीठ, तंबाखू आणि दारू यांसारख्या वस्तूंवरील कर गोळा करण्याचा मक्ता या मंडळींकडे असे, राजाला ठरलेली रक्कम ते आगाऊ मोजत आणि प्रजेकडून वसूल होणारी वरची रक्कम नफा म्हणून ठेवत. अफाट पैसा, तुटपुंजी प्रतिष्ठा आणि लोकांचा राग या तिन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या होत्या.

या पैशातून झान-आंत्वानेतचे शिक्षण झाले. गाणे, नृत्य, अभिनय, चित्रकला, वक्तृत्व, जे जे शिकवता येईल ते उत्तम शिक्षकांकडून तिला शिकवले गेले. ती नऊ वर्षांची असताना लेबों नावाच्या एका भविष्य सांगणाऱ्या बाईने ही मुलगी राजाची प्रेयसी होईल असे भाकीत केले आणि घरात तिला लाडाने 'छोटी राणी' म्हणू लागले. ही कथा नंतर रचलेली वाटेल, पण तिच्या हिशेबाच्या कागदांत त्याच बाईला भाकितापोटी ६०० लिव्र दिल्याची नोंद आहे. लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन. १७४१ मध्ये तुर्नेमच्या पुतण्याशी तिचे लग्न झाले. एतिओल येथील त्यांचे घर ज्या जंगलालगत होते, तिथे राजा शिकारीला येत असे आणि ही तरुणी आपली हलकी गाडी हाकत त्याच्या वाटेवर दिसू लागली. यात योगायोग किती आणि योजना किती, यावर तेव्हाही कोणाला फारसा संशय नव्हता.

फेब्रुवारी १७४५ मध्ये युवराजाच्या लग्नानिमित्त व्हर्सायच्या आरसेमहालात मुखवट्यांचा नृत्यसमारंभ झाला. राजा आणि त्याचे काही साथीदार बागेतल्या छाटलेल्या झाडांचा वेश करून आले होते. या समारंभांच्या दिवसांत दोघांच्या संबंधाची चर्चा दरबारात सुरू झाली आणि पुढचे सारे काही महिन्यांत उरकले. पतीपासून कायदेशीर विभक्तता मिळाली. पोंपादूर नावाच्या निपुत्रिक झालेल्या घराण्याची जहागीर आणि मार्कीझ ही पदवी राजाने तिच्यासाठी मिळवली. राजा फ्लाँडर्सच्या मोहिमेवर असताना बेर्निस नावाच्या एका धर्मगुरूने तिला दरबारी बोलणे, घराण्यांच्या वंशावळी आणि मुजऱ्यांचे प्रकार शिकवले. १४ सप्टेंबर १७४५ रोजी तिचे सादरीकरण झाले.

राणीने हे कसे चालवून घेतले?

राणीपुढे निवड नव्हती, हे सरळ उत्तर आहे. तरीही पोंपादूरच्या बाबतीत राणीचे वागणे जरा वेगळे होते. सादरीकरणाच्या दिवशी राणी तिच्या पोशाखाबद्दल एखादे कोरडे वाक्य बोलून तिला वाटेला लावील, अशी दरबाऱ्यांची अटकळ होती. राणीने मात्र दोघींच्या ओळखीच्या एका स्त्रीची विचारपूस केली आणि संभाषण अपेक्षेपेक्षा बरेच लांबले. आधीच्या उमराव प्रेयसींनी राणीचा उघड अपमान केला होता. पोंपादूरने तो मार्ग घेतला नाही. तिने राणीला फुले पाठवली, राजाला राणीशी सौजन्याने वागायला लावले आणि राणीच्या कर्जांची फेड होण्यासाठीही प्रयत्न केले. यात चांगुलपणा असेल, पण हिशेबही होता. जन्माने सामान्य असलेल्या स्त्रीला साऱ्या दरबाराचे वैर परवडले असते, राणीचे परवडले नसते.

चर्च गप्प होते का?

ते गप्प नव्हते आणि राजप्रेयसीच्या स्थानाचा खरा कच्चा दुवा हाच होता. परस्त्रीशी संबंध सुरू असेपर्यंत राजाला पापाची क्षमा मिळू शकत नव्हती आणि क्षमेशिवाय ईस्टरचा पवित्र प्रसाद घेता येत नव्हता. फ्रान्सच्या राजाला दैवी शक्ती असते आणि त्याच्या स्पर्शाने गंडमाळेचा रोग बरा होतो, अशी शतकानुशतकांची श्रद्धा होती. हा स्पर्शविधी करण्यापूर्वी राजाने प्रसाद घेतलेला असणे आवश्यक होते. १७३९ च्या ईस्टरला पंधराव्या लुईने प्रसाद घेण्याचे टाळले आणि त्यामुळे स्पर्शविधीही बंद पडला. प्रेयसी हा राजाचा खासगी मामला आहे असे जे मानतात, त्यांनी दूरदूरच्या गावांहून आलेल्या आणि स्पर्शाविना परतलेल्या रुग्णांचा विचार करावा. राजाच्या शयनगृहातील गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

१७४४ च्या ऑगस्टमध्ये मेत्स या शहरी राजा मरणासन्न झाला. त्या वेळची राजप्रेयसी, शातोरूची डचेस, मोहिमेवर त्याच्यासोबत होती. बिशपने अट घातली की तिला हाकलल्याशिवाय अंतिम संस्कार दिले जाणार नाहीत. राजाने जाहीर पश्चात्ताप केला आणि ती लोकांच्या शिव्या झेलत पॅरिसला परतली. राजा वाचला, आपला जाहीर अपमान झाला असे त्याला वाटू लागले आणि काही महिन्यांनी त्याने तिला पुन्हा बोलावले. परंतु डिसेंबरमध्ये तीच आजाराने मरण पावली. पोंपादूर या रिकाम्या झालेल्या जागेवर आली होती आणि राजाला ताप आला की काय होऊ शकते, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

शरीरसंबंध संपल्यावरची चौदा वर्षे

पोंपादूरची प्रकृती नाजूक होती. गर्भपात, खोकला आणि दरबारी दगदग यांनी ती खंगली आणि १७५० च्या सुमारास राजाशी तिचा शरीरसंबंध संपला. इथे तिची कारकीर्द संपायला हवी होती. ती पुढे चौदा वर्षे, मृत्यूपर्यंत, टिकली आणि माझ्या मते तिच्या चरित्रातील सर्वांत लक्षणीय गोष्ट ही आहे. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरील दालनातून ती तळमजल्यावरील प्रशस्त दालनात आली. तिथे पूर्वी राजघराण्यातील मंडळी राहत असत. १७५२ मध्ये तिला डचेसचा दर्जा मिळाला, म्हणजे राणीसमोर स्टुलावर बसण्याचा हक्क मिळाला. १७५६ मध्ये ती राणीच्या मानकरी स्त्रियांपैकी एक झाली.

या शेवटच्या नेमणुकीमागची गोष्ट मासलेवाईक आहे. धर्माशी जुळवून घ्यावे म्हणून तिने एका जेझुइट धर्मगुरूकडे क्षमायाचना केली. त्याने सांगितले की आधी पतीकडे परत जा. तिने पतीला तसे पत्र लिहिले आणि पतीने अत्यंत सौजन्याने नकार कळवला. तो नकार येणार हे उघड होते, पण पतिव्रतेचे कर्तव्य आता कागदोपत्री पूर्ण झाले होते.

राजाला ती हवी होती ती मैत्रीसाठी. कंटाळा आणि उदासी हे त्याचे जुने दुखणे होते. तिने राजवाड्यात छोटे नाट्यगृह उभारले, मोलिएरच्या नाटकांत स्वतः भूमिका केल्या आणि उमरावांना आपल्यासोबत नाचायला लावले. तिने वास्तुरचनेची राजाची आवड जोपासली, मोठमोठ्या मेजवान्यांऐवजी छोट्या टुमदार घरांत त्याला विसावा दिला. शरीरसुखाची सोय राजासाठी दुसरीकडे झाली. व्हर्साय गावातील एका वस्तीत घर घेऊन तिथे तरुण मुली ठेवल्या जात. त्यांतली मारी-लुईझ ओमर्फी ही राजाकडे आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. पोंपादूरने ही व्यवस्था स्वतः चालवली असे तिचे शत्रू म्हणत. तिने ती सहन केली आणि त्या मुलींपैकी कोणी दरबारात सादर होऊन आपली जागा घेणार नाही याची काळजी घेतली, एवढे निश्चित म्हणता येते. तिच्या सुसंस्कृतपणाचे गोडवे गाताना गरीब घरच्या या मुलींना वगळणे मला तरी बरोबर वाटत नाही.

कला आणि उद्योग या क्षेत्रांत तिचा ठसा आजही दाखवता येतो. व्हँसेन येथील चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना १७५६ मध्ये तिच्या बेलव्ह्यू प्रासादाजवळ सेव्र येथे हलवला गेला आणि १७५९ मध्ये राजाने तो विकत घेतला. सेव्रचा कारखाना आजही सुरू आहे. गरीब उमरावांच्या ५०० मुलांसाठी लष्करी विद्यालय काढण्याच्या योजनेमागे ती उभी राहिली आणि पैसा अडला तेव्हा कामगारांच्या मजुरीसाठी तिने आपले उत्पन्न घातले. पुढे याच विद्यालयात नेपोलियन शिकला. तिचा भाऊ १७५१ पासून राजाच्या इमारतींचा संचालक होता. ही उघड वशिलेबाजी होती, पण त्या पदावर त्याने केलेले काम चोख होते, कारण तिने त्याला आधी जवळजवळ दोन वर्षे इटलीत अभ्यासासाठी पाठवले होते.

तिचा वैद्य फ्रान्स्वा केने राजवाड्यात तिच्या दालनाजवळच राहत असे. संपत्ती जमिनीतून निर्माण होते आणि व्यापारावरील बंधने सैल असावीत असे मानणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांच्या संप्रदायाचा तो अध्वर्यू होता. त्याच्या ठेंगण्या छताच्या खोल्यांत विश्वकोशकार दिदरो आणि त्याचे सहकारी जेवायला जमत, तर काही पावलांवर त्याच विश्वकोशावर बंदी घालणारा राजा बसलेला असे. लूव्रमध्ये असलेल्या, १७५५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ला तूरच्या भव्य व्यक्तिचित्रात पोंपादूरच्या शेजारच्या मेजावर विश्वकोशाचा चौथा खंड मांडलेला आहे. पहिल्या दोन खंडांवर १७५२ मध्ये राजाज्ञेने बंदी आली होती, हे लक्षात घेतले तर ते चित्र धाडसाचे ठरते. मात्र तिचे धाडस इतपतच होते. १७५९ मध्ये विश्वकोशाचा परवाना रद्द झाला, तेव्हा ती तो वाचवू शकली नाही.

राज्यकारभार खरेच तिच्या हाती होता का?

यावर दोन टोकांची मते आढळतात. एका मतानुसार ती फ्रान्सची बिनमुकुटाची राणी होती, तर दुसऱ्यानुसार ती केवळ दागिने आणि पडदे निवडत होती. नेमणुकांच्या बाबतीत तिचा शब्द चालत असे. तिच्यावर टवाळखोर कवने पसरवणाऱ्या मोरपा या जुन्या मंत्र्याला १७४९ मध्ये बडतर्फ होऊन हद्दपार व्हावे लागले. पुढे परराष्ट्रमंत्री झालेले बेर्निस आणि श्वाझल हे दोघेही तिच्या विश्वासातले होते. तिच्या दालनात पाहुण्यांसाठी खुर्ची ठेवलेली नसे, त्यामुळे राजघराण्यातील माणसांनाही उभे राहून बोलावे लागे, असे समकालीनांनी नोंदवले आहे.

धोरणाच्या बाबतीत सर्वांत मोठा आरोप आहे तो ऑस्ट्रियाशी केलेल्या तहाचा. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांचे दोन शतकांहून जुने वैर होते. १७५५ मध्ये ऑस्ट्रियाच्या वकिलाने मैत्रीचा प्रस्ताव मंत्र्यांना टाळून पोंपादूरमार्फत राजाकडे पोहोचवला. बेलव्ह्यूजवळच्या एका छोट्या घरात बेर्निसशी गुप्त बोलणी झाली आणि १ मे १७५६ रोजी व्हर्सायचा तह झाला. सम्राज्ञी मारिया तेरेझाने तिला नंतर रत्नजडित लेखनपेटी भेट पाठवली. परंतु त्याच वर्षाच्या जानेवारीत फ्रान्सचा दोस्त प्रशिया इंग्लंडला जाऊन मिळाला होता, त्यामुळे फ्रान्सला नवा मित्र शोधणे भागच होते. पोंपादूरने दार उघडून दिले. आत जाण्याचा निर्णय राजाचा होता.

या तहापाठोपाठ प्रशिया आणि इंग्लंड यांच्याविरुद्ध झालेल्या सात वर्षांच्या युद्धाचा निकाल मात्र भयंकर लागला. नोव्हेंबर १७५७ मध्ये रॉसबाख येथे प्रशियाने फ्रेंच सैन्याची धूळधाण केली. तिथला फ्रेंच सेनापती सूबीझ हा पोंपादूरच्या मर्जीतला होता, त्यामुळे खापर तिच्यावर फुटले. १७६३ च्या तहात फ्रान्सने कॅनडा गमावला. हिंदुस्थानातील फ्रेंच सत्तेचा कणाही याच युद्धात मोडला आणि त्या कथेचे एक टोक आपल्याकडे येते. दख्खनमध्ये निजामाच्या दरबारी फ्रेंचांचे वर्चस्व निर्माण करणाऱ्या बुसीला सेनापती लालीने १७५८ मध्ये परत बोलावले. बुसीच्या कवायती फौजेत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांच्या चाकरीत आला आणि पानिपतावर लढला. जानेवारी १७६१ मध्ये ज्या आठवड्यात पानिपत झाले, त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. या पराभवाशी पोंपादूरचा संबंध जोडणारे लोक आरमाराची दुर्बलता, लालीचा उद्धट स्वभाव आणि पैशाची टंचाई या कारणांना सोयीस्करपणे विसरतात.

खजिना तिने रिकामा केला?

एकोणीस वर्षांत तिच्यावर झालेला खर्च साडेतीन कोटी लिव्रांहून अधिक होता. घरे बांधणे, पाडणे, सजवणे यांचा तिला नाद होता आणि कर भरणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही उधळपट्टीच होती. परंतु सात वर्षांच्या युद्धाचा फ्रान्सला पडलेला खर्च शंभर कोटी लिव्रांच्या वर जातो. शिवाय तिच्या बऱ्याच मालमत्ता तिच्या हयातीतच किंवा नंतर राजाकडे परत गेल्या. खजिन्याचे खरे दुखणे असे होते की उमराव आणि चर्च यांच्यावर कराचा भार फारच थोडा होता आणि तो वाढवण्याचा प्रत्येक प्रयत्न हाणून पाडला जात होता. करसवलतीचे किचकट वाद बाजारात कोणाला समजत नव्हते, प्रेयसीचा नवा प्रासाद मात्र सर्वांना दिसत होता. राजाला थेट शिव्या देणे हा राजद्रोह होता. १७४९ मध्ये राजावरच्या एका कवितेसाठी चौदा जणांना पकडून बास्तीयच्या तुरुंगात टाकले गेले. प्रेयसीला शिव्या देणे तुलनेने सोपे होते आणि लोकांनी तो मार्ग मनसोक्त वापरला.

मग याला स्त्रीची सत्ता म्हणावे का?

५ जानेवारी १७५७ च्या संध्याकाळी व्हर्सायच्या प्रांगणात दामियाँ नावाच्या माणसाने राजाला चाकू मारला. थंडीचे जाड कपडे असल्यामुळे जखम उथळ होती. राजाला मात्र आपण मरणार असे वाटले. त्याने धर्मगुरू बोलावले, राणीची क्षमा मागितली आणि पोंपादूरला निरोपही पाठवला नाही. ती तळमजल्यावर दिवसामागून दिवस वाट पाहत राहिली. तिचाच मित्र मानला जाणारा मंत्री माशो याने तिला निघून जाण्याचा सल्ला दिला आणि सामान बांधायला सुरुवातही झाली. डाव सोडणारा डाव हरतो, असे सांगून एका मैत्रिणीने तिला थांबवले. अखेर राजा एके दिवशी तिच्या दालनात आला आणि १ फेब्रुवारीला माशो आणि तिचा जुना शत्रू दार्जाँसाँ या दोघांचीही मंत्रिपदे गेली. बारा वर्षांच्या कारकिर्दीनंतरही तिचे सर्वस्व एका भित्र्या माणसाच्या नाडीवर अवलंबून होते, तेव्हा या सत्तेला उसनी म्हणणेच योग्य ठरेल.

तिचे वैयक्तिक आयुष्यही सुखाचे नव्हते. मुलगा तान्हेपणीच गेला होता आणि एकुलती मुलगी अलेक्झांद्रीन १७५४ मध्ये नवव्या वर्षी अचानक दगावली. १५ एप्रिल १७६४ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पोंपादूर व्हर्सायच्या राजवाड्यात मरण पावली. राजघराण्याबाहेरच्या माणसाने तिथे मरू नये असा प्रघात होता, तो राजाने तिच्यासाठी मोडला. पण अंत्ययात्रेत सामील होणे त्याला शिष्टाचारामुळे शक्य नव्हते, म्हणून पावसात निघालेली ती यात्रा त्याने सज्जातून पाहिली. तिच्या ग्रंथसंग्रहाच्या विक्रीची यादी निघाली, तेव्हा तीत साडेतीन हजारांहून अधिक नोंदी होत्या.

तिच्यानंतर आलेली मादाम द्यू बारी हिच्या वेळी दरबाराची पातळी आणखी सैल झाली. सादरीकरणासाठी उमराव पदवी हवी, म्हणून तिच्या आधीच्या प्रियकराच्या भावाशी तिचे नावापुरते लग्न लावले गेले. एप्रिल १७७४ च्या अखेरीस राजाला देवी आल्या आणि मेत्सचा प्रसंग पुन्हा घडला. अंतिम संस्कारांसाठी तिला राजवाड्याबाहेर काढले गेले, फक्त या वेळी राजा वाचला नाही. १७९३ मध्ये क्रांतीच्या न्यायासनाने तिला गिलोटिनवर पाठवले. तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत झामोर हा तिचा जुना नोकर होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला झामोर मूळचा बंगालचा होता आणि तिने त्याला एखाद्या खेळण्यासारखे वाढवले होते.

पद संपले, तेव्हा राग कुठे गेला?

सोळाव्या लुईने एकही प्रेयसी ठेवली नाही. नीतीच्या दृष्टीने ही सुधारणाच होती आणि दरबाराला त्याचा फायदा व्हायला हवा होता. झाले उलटेच. राजाच्या चुका, खजिन्यातील खडखडाट आणि परराष्ट्रधोरणातील अपयश यांचे खापर ज्या व्यक्तीवर फोडायची लोकांना सवय लागली होती, ती जागाच रिकामी झाली. सोळाव्या लुईची ऑस्ट्रियन राणी मारी आंत्वानेत हिने स्वतःचे नाट्यगृह बांधले, कपड्यांवर खर्च केला, मर्जीतल्यांना पदे मिळवून दिली आणि ऑस्ट्रियाची बाजू घेतली. पोंपादूरवर जे आरोप झाले, जवळजवळ तेच आता राणीवर होऊ लागले आणि अश्लील पत्रके तिच्या नावाने फिरू लागली. १७८५ मध्ये हिऱ्यांच्या हाराचे प्रकरण उघडकीस आले. राणीने एका कार्डिनलमार्फत तो अतिमौल्यवान हार गुपचूप घेतला, असे पॅरिसमधल्या पुष्कळांना खरे वाटले. प्रत्यक्षात भामट्यांनी तिचे नाव वापरले होते आणि तिने तो हार पूर्वीच नाकारला होता. तो हार जवाहिऱ्यांनी मुळात घडवायला घेतला होता तो पंधराव्या लुईकडून द्यू बारीसाठी विकत घेतला जाईल या आशेने.